अंबाडीचं एक रोप

आमचे मामा सरकारी रोपवाटिकेत माळी होते आणि हट्टी म्हणजे किती, तर घरात त्यांच्याशी वाद घालायला कुणी धजत नसे. गांज्याच्या धाडीवर पोलीस त्यांनाच बोलवायचे, कारण फूल यायच्या आधी गांजा ओळखणं ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. मी तिथेच कारकून होते. पंचनामा लिहायला मलाही जावं लागे.

त्या सकाळी पोलिसांची गाडी दारात आली, तर मामा म्हणाले, "कलमांना पाणी घालून येतो." अर्धा तास गाडी उभी राहिली.

एका दोरखंड वळणाऱ्याच्या परसात पोचलो तेव्हा मारहाण सुरू झाली होती. फौजदाराने त्याचा उजवा हात उंबऱ्यावर बुटाखाली दाबला होता आणि हवालदार बोटांवर दंडुका हाणत होता. हाड मोडल्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. त्याची बायको किंचाळत होती, "अहो, दोराची झाडं आहेत हो ती!"

"पानाला पाच बोटं आहेत. गांजाच," फौजदार म्हणाला. मेल्याची अक्कल बोटं मोजण्यापुरतीच.

मामा वाफ्यात बसले. "साहेब, गांज्याच्या पानाची बोटं देठापर्यंत सुटी असतात. हे एकच पान आहे, चिरलेलं. गांज्याची खालची पानं समोरासमोर फुटतात, ही एकाआड एक आहेत. खोडावर हात फिरवा, बारीक काटे टोचतील. गांज्याला काटे नसतात. ही अंबाडी आहे. महिनाभर थांबा, पिवळं फूल येईल."

"गांजा लिहा आणि सही करा."

"नाही करणार."

पहिल्या फटक्याला मामांचे दोन दात पडले. मग ते वाफ्यातच पालथे पडले आणि लाथा बसत राहिल्या. मी मध्ये पडले, तर हवालदाराने मला केसांना धरून भिंतीवर आपटलं. मामा पोटाशी हात घेऊन मुटकुळं करून पडले होते. मला वाटलं, पोट वाचवतायत. तोवर शिपायांनी सगळी रोपं उपटून रॉकेल टाकून जाळली आणि दोरवाल्याला गाडीत घालून नेलं.

घरी आल्यावर मामांनी शर्टाची बटणं सोडली. आत मुळासकट एक रोप होतं, मातीने आणि रक्ताने माखलेलं.

"दवाखाना नंतर," ते बोबडं बोलले. "आधी कुंडी आण."

तेहतिसाव्या दिवशी पिवळं फूल आलं. आम्ही कुंडी कोर्टात नेली. दोरवाला त्याच दिवशी सुटला आणि बायकोला घेऊन आमच्याकडे आला. मी आनंदाने नुसती रडत होते.

"तुमचं रोप तुम्ही न्या," मामा म्हणाले. त्याने सवयीने उजवा हात पुढे केला. बोटं वाकडीच राहिली होती, मिटेनात. शेवटी कुंडी बायकोने उचलली.

"उपकार झाले तुमचे," तो म्हणाला.

मामांनी मान वर केली नाही. "कलमांना पाणी घालत बसलो होतो मी," ते म्हणाले.