एक्केचाळीस सह्यांची वही

सहीच्या जागेवर तो आपला तळहात पालथा ठेवीत असे. हार ओवून पिवळी पडलेली बोटे कागदावर पसरलेली आणि नजर समोरच्याच्या डोळ्यांवर. डोळे शेवटच्या ओळीपर्यंत पोचले, अशी खात्री पटली की मगच तो हात उचली. "आधी वाचा. मग सही." तेव्हा त्याने लोकांना फसवून सह्या घेतल्या, असे जे आमच्या भागात आजही सांगितले जाते, ते साफ खोटे आहे. मी तिथे होतो. सांगणाऱ्यांपैकी निम्मे त्या वेळी शाळेत जात होते.

नाशिकच्या एका मंगल कार्यालयाचा मी सव्वीस वर्षे व्यवस्थापक होतो. नव्वदनंतरच्या बऱ्याच वर्षांत तिथली सगळी फुले त्याची असत. मखमलाबादकडे त्याच्या घरची फुलशेती होती. स्टेज, हार, मुंडावळ्या सगळे तो स्वतः करी. अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. शंभर लग्ने सजवतात आणि एकाही फोटोत दिसत नाहीत.

शनिवारी मनमाडहून पॅसेंजरने त्याच्याकडे एक माणूस येई. रेल्वेत फिटर होता. उंच, अबोल. हार ओवायला बसला की झेंडू हमखास उलटा ओवी आणि बोलणी खाई. "अरे, हे कोण तुझे?" असे मी एकदा विचारले. आपल्या बायका नवऱ्याचे नाव न घेता सांगतात, त्याच सुरात तो म्हणाला, "आमच्या घरचे हायेत, नाना." सगळे हसले. मीही हसलो. ती थट्टा नव्हती, हे कळायला मला दोन वर्षे लागली.

कळल्यावर मला काय वाटले, हे आजही धडपणे सांगता येत नाही. किळस आली म्हणावे, तर तसे झाले नाही. पटले म्हणावे, तर तेही खरे नाही. हजारो पत्रिका माझ्या हाताखालून गेल्या होत्या, पण त्यांवरची दोन नावे कोणाची असावीत, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

मग एके दिवशी तो अर्ज घेऊन आला. दोन पुरुष किंवा दोन बाया संसार करीत असतील, तर त्यांच्या लग्नाची नोंद सरकारने करून घ्यावी, असा मजकूर होता. तेव्हाचा कायदा अशा माणसांना गुन्हेगार समजत असे. मी त्याला तसे बजावले.

"म्हणून तर अर्ज करायचा, नाना. कायदा असता तर फॉर्म भरला असता."

मी बायांच्या स्त्रिया केल्या, वाक्ये सरळ केली, 'महोदय' घातले. तो मसुदा माझ्या हातचा आहे, हे मी इथे नोंदवून ठेवतो. वहीच्या पहिल्या पानावर तो चिकटवला गेला आणि अकराव्या क्रमांकावर मी सही केली. का केली? चांगला लिहिला गेला होता, हे एक कारण असावे. दुसरे मला सापडत नाही.

अलीकडे काही तरुण मुले माझे बोलणे टिपून घ्यायला आली होती. त्यांच्या मते त्याने कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला. कसला मोर्चा? त्याला मोठ्याने बोलताच येत नसे. तो उभा राही हात धुण्याच्या बेसिनपाशी, खांद्यावर टॉवेल टाकून. त्याचा हिशेब साधा होता: लग्नात जेवलेला माणूस लग्नाबद्दल चांगले बोलतो, आणि ओल्या हाताने सही करता येत नाही. हात कोरडे होईपर्यंत वाचून होते. तिथेच टेबलावर कार्यालयाची अभिप्राय वही असे. त्याची वही तिच्या शेजारी.

बहुतेक लोक वाचून निघून जात. कोणी शिव्या देई. आमच्या गुरुजींनी मात्र चष्मा पुसून सही केली. म्हणाले, "मंत्र माझे, नोंदणी सरकारची. सरकारच्या कामात मी कशाला आडवा येऊ?"

निफाडच्या एका वऱ्हाडातले नवरदेवाचे मामा द्राक्षवाले होते. त्यांनीही सही केली. "आसू दे बाबा, कुनाचं काय जातं," असे म्हणत केली. मी शेजारी हात धूत होतो. पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या लग्नात त्यांच्या गाववाल्याने वही चाळली आणि भर पंगतीत ओरडला, "मामा, तुमचं बी नाव हाय की हिथं! कुनाशी लावायचं ठरलंय?"

पंगत हसली आणि मामा बिथरले. "मला काय ठावं! मला वाटलं, जेवन कसं व्हतं ते लिवायचंय!"

विश्वस्तांची बैठक बसली. पोलिसांत जाण्याची भाषा झाली. तो दाराबाहेर उभा होता. मला विचारण्यात आले, "व्यवस्थापक, तुमचे म्हणणे काय?" त्या खोलीत माझ्याइतके नेटके मराठी कोणी बोलत नव्हते. मी म्हणालो, "दोन वह्या शेजारी शेजारी असल्यामुळे लोकांचा गैरसमज झाला असावा."

फसवणूक हा शब्द मी उच्चारला नाही. तो मी कधीही मान्य करणार नाही. पण माझे वाक्य जिना उतरून रस्त्यावर जाईपर्यंत त्यातल्या 'गैरसमजा'ची 'फसवणूक' झालेली होती. ज्या गोष्टीशी मी इतकी वर्षे भांडत आलो, ती माझ्याच तोंडून निघालेली आहे. हे मी टिपून घ्यायला आलेल्या मुलांना सांगितले नाही. तुम्हाला सांगतो आहे.

त्याने वाद घातला नाही. "गैरसमज झाला आसंल, तर विचारून घेतो," एवढेच म्हणाला. पुढचे कित्येक रविवार तो आपल्या लूनावरून निफाड, सिन्नर, देवळाली कॅम्प असा फिरला. एक्केचाळीस सह्या, एक्केचाळीस माणसे. प्रत्येकाला एकच प्रश्न: "तुमचा गैरसमज झाला व्हता का?" हो म्हणणाऱ्याच्या हातात तो पेन देई आणि म्हणे, "खोडा. पन खोडायच्या आधी वाचा." असा अर्जदार तुम्ही कुठे पाहिला आहे का? मी तर पाहिला नाही. मामांनी म्हणे तीन वेळा खोडले, कागद फाटेपर्यंत.

माझ्याकडे तो सर्वांत शेवटी आला. पायरीवर उभा राहिला. "नाना, तुमचं काय करू?"

"उद्या सांगतो," मी म्हणालो.

रात्री जेवताना हिने विचारले, "मसुदा तुम्हीच लिहिलात ना? मग तुमचा कसला गैरसमज झाला?"

"तुला त्यातले कळत नाही."

"तुम्हाला कळतं ना? मग सांगा त्याला."

दुसऱ्या दिवशी लूनाचा आवाज आला तसा मी आतल्या खोलीत गेलो. "बाहेर गेलेत म्हणून सांग."

"मी नाही खोटं बोलायची," ही म्हणाली. "बोलायचं नाही म्हणतात, असं सांगते."

ती दारात बराच वेळ होती. काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही. ऐकण्याचा प्रयत्न मी केला, हे कबूल करतो. ती परत आली तेव्हा हातात शेवंतीची पुडी होती. नंतरच्या सगळ्या वर्षांत हा विषय आमच्या घरात कधीच निघाला नाही.

कार्यालयाने फुलांचे काम दुसऱ्याला दिले. तो मनमाडला, आपल्या घरच्यांकडे, कायमचा राहायला गेला. तिथेच वारला. त्याचे इथले फुलांचे दुकान आता त्याचा पुतण्या पाहतो. हिच्या वर्षश्राद्धाला फुले घ्यायला गेलो, तेव्हा त्याने आपणहून विषय काढला.

"काकांनी अर्ज दिला व्हता, नाना. कलेक्टर कचेरीत शिक्का मारून घेतला. उत्तर नाय आलं. सात सह्या राहिल्या व्हत्या."

"सहा," मी म्हणालो. मला ठाऊक होते. गुरुजी, भांडी घासणाऱ्या दोघी सासू-सुना, आमचा आचारी, एक चित्रकला शिक्षक आणि देवळाली कॅम्पातल्या सुभेदारांची पत्नी. मी बोटांवर मोजीत सगळ्यांची नावे घेतली.

"नाय, सात. काका मोजून सांगायचे."

माझी सही मी ना खोडली, ना ठेव म्हणालो. त्याने ती आपल्या मनाने ठेवली असेल, असे वाटत नाही. तो कोणाचेच काही आपल्या मनाने ठेवीत नसे. मग दारात त्या दिवशी कोणी काय सांगितले, किंवा कोणी सही केली, हे सांगणारी दोन्ही माणसे आता नाहीत. ते सातवे नाव माझे असावे असे मला वाटते, की हिचे, तेही मला ठरवता येत नाही.

पुतण्याने फुले बांधून दिली. "सात ना, नाना?" त्याने पुन्हा विचारले.

"सात," मी म्हणालो.