श्रीचा फोल्डर

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर मोड आलेले वाल सोलले. सकाळची वेळ. पडवीत बायको, मी आणि समोर लॅपटॉप घेऊन नात. नात मुरबाडच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. दुसऱ्या दिवशी तिची प्रॅक्टिकल परीक्षा होती. स्वतः लिहिलेला प्रोग्राम सरांना चालवून दाखवायचा, आणि तो चालत नव्हता.

मी चौथी शिकलेला माणूस. मला कळलं ते एवढंच, की पोरीनं लिहिलेलं मशीनला समजेल असं करून देणारा एक कंपायलर असतो. तो तिनं आदल्या दिवशी नवा टाकला होता. तरी दर वेळेला लाल अक्षरं यायची, फाइल सापडत नाही म्हणून.

कंपायलर ठेवायला फोल्डर केला तेव्हा हिनंच सांगितलं होतं, "पहिलं श्री लिव गो. भाताच्या कणगीवर नाय का लिवत आपण?" नातीनं फोल्डरचं नावच श्री ठेवलं.

आता तिनं मैत्रिणीला फोन लावला. मैत्रीण म्हणाली, मराठी अक्षरांमुळे कंपायलरला जागा सापडत नसेल, नाव बदल.

"म्हंजी माझ्या श्रीनंच अडवलं का गो?"

"तसंच दिसतंय, आजी."

"मग काढ बाय ते. म्हातारीचं ऐकलंस कशाला?"

हसूनच बोलली. पण पुढं वाल संपेपर्यंत मान वर केली नाही. तेव्हा मी काहीतरी बरं बोलायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "सालं नीट काढ, दाताखाली येतात."

दुपारी जेवून ती आडवी झाली, ती उठलीच नाही. किन्हवलीहून डॉक्टर आला, त्यानं हात धरला नि सोडला. माणसं जवळचीच, दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नात कोपऱ्यात बसून होती. म्हटलं, चल. भावजय दारात आडवी आली.

"सुतकात कॉलेज? बायको गेली नि म्हातारा शिकायला निघाला."

"निघालो. तू घर बघ," म्हटलं, नि पोरीला घेऊन एसटीत बसलो. नाव बदललं तरी प्रोग्राम चालत नाही, हे तिनं मला एसटीत सांगितलं.

मी कॉलेजच्या फाटकाबाहेर बसलो. ती आली नि म्हणाली, "चालला, आजोबा."

लॅपटॉप कल्याणहून जुना घेतलेला. आधीच्या मालकाचा अर्धवट कंपायलर आतच राहिला होता. कंपायलर कुठं कुठं शोधायचा त्याची मशीनकडे यादी असते, आणि त्या यादीत जुन्याची जागा वर होती. मशीन तिथंच थांबायचं, खाली नव्यापर्यंत जायचंच नाही. सरांनी दाखवलं, तिनं नव्याची जागा वर घेतली, झालं.

"मग श्री?"

"परत श्री ठेवून बघितलं. तरी चालतो. श्रीचं काय नव्हतं."

"पुन्हा सांग."

पुन्हा सांगताना ती रडायला लागली.

गावात उतरल्यावर तिला घरी पाठवलं नि मी एकटा मसणवटीत गेलो. राखेला अजून धग होती. चपला काढल्या नि म्हणालो, "जुन्याची जागा वर राहिली होती. मशीन तिथंच अडकायचं. तुझ्या श्रीचं काय नव्हतं."

आणखीही बोलण्यासारखं होतं. पण ते ती ऐकत होती तेव्हा बोलायला पाहिजे होतं.

घरी आलो तर भावजयीनं काही न विचारता अंगणात पाण्याची बादली ठेवली. अंगावर पाणी घेतलं नि आत गेलो.