पंगतीतली मनाई

ब्रह्मा घाटावरच्या आमच्या मठातले वाढपी काका महाराजांचं नाव घेतल्याशिवाय कुणाला घास उचलू देत नसत. त्यांच्या हातचं जेवूनच मी घरातला पहिला पदवीधर झालो. महाराज गेले, शिष्यांचे दोन मठ झाले आणि कोर्टाने आमच्या मठाला महाराजांचं नाव लावायची मनाई केली. परवा पंगतीत मी सवयीने नाव घेतलं, तर काका खेकसले, "चूप! स्टे आहे ना!"

"काका, मनाई पाटीवर आहे, तोंडावर नाही."

"तू शिकलास, बाबा. त्या दुसऱ्या मठाचे लोक रेकॉर्ड करायला मोबाईल घेऊन गल्लीत उभे असतात. मठाला ताला लागेल."

पंगत मुकाट्याने जेवली. काकांनी आग्रह करकरून वाढलं. त्यांना स्वतःला मात्र नावाशिवाय घास उचलवेना. भरलेलं ताट त्यांनी गल्लीतल्या गाईपुढे ठेवलं.