माझं रक्त शेठच्या दुकानात

अपमान माझा झाला. तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, गावच्या किराणा दुकानासमोर.

सेलूच्या बाजूचं आमचं गाव. मी तेल आणायला गेले होते. दुकानात गर्दी. शेठनं काट्याशेजारच्या गठ्ठ्यातून दवाखान्याचं एक पाकीट काढलं. फोडलेलं. त्यावर माझं नाव.

"हे घे तुह्यं रक्त. सिकलसेल हाय मने तुले. आता कोन करन तुह्याशी लगन?"

दोघं-तिघं हसले. बाजूच्या काकूनं आपलं पोरगं जवळ ओढलं. सिकलसेल हा रक्ताचा आजार आईबापाकडून येतो, शिवल्यानं होत नाही. पण आमच्या वस्तीतल्यांपासून पोरं ओढून घ्यायची या गावाला जुनी सवय. काकूचा हात आपोआप गेला.

घरी बाबा माझ्यावरच चिडले. "शेठनं आनून देल्लं, आपला फेरा वाचला. अन तू तोंड वर करून राह्यली?"

सगळं या फेऱ्यापायी. तपासणी तालुक्याच्या दवाखान्यात होते, रिपोर्ट मागाहून येतात. शेठ बाजाराच्या दिवशी माल भरायला जातो. दवाखान्यातला बाबू आमच्या गावचे सगळे रिपोर्ट रबर लावून त्याच्याकडे देतो. वर्षानुवर्षं. कोणाला मूल होत नाही, कोणाला टीबी, कोणाची पोर दोन महिन्यांची गरोदर, सगळं हळद-मिरचीसोबत गावात येतं. गाव याला शेठची सेवा म्हणतं.

कारंज्याकडचं स्थळ जमत आलं होतं. तिकडून निरोप आला. राहू द्या.

गावच्या आशाताईनं सांगितलं, पहिली तपासणी कच्ची असते, पक्का रिपोर्ट वेगळा येतो. तो आणायला मी स्वतः गेले.

"बापाले घेऊन ये," बाबू म्हणाला. "पोरीच्या हाती देत नाई आमी."

"मी तेवीस वर्साची हाय. रक्त माहं हाय."

"सांगतलं ना, बापाले आन."

"मंग शेठ माहा कोन लागते? त्याले काऊन देल्लं?"

"ते जबाबदार मानूस हाये."

जबाबदार. मी आधार कार्ड खिडकीत ठेवलं आणि म्हटलं, रिपोर्ट मिळेपर्यंत हलत नाही. मागं रांग वाढली. लोक बाबूवर नाही, माझ्यावर वैतागले. "ओ बाई, वकिलीन हाय काय तू? सरक ना." नाही सरकले. शेवटी आतून डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी कागद काढून दिला.

"तुम्हाला आजार नाही. तुम्ही वाहक आहात. लग्नाआधी मुलाची तपासणी करून घ्या, तोही वाहक नसावा, एवढंच."

एवढंच. हे सांगायला मात्र शेठ कोणाच्या दारी गेला नाही. स्थळही परत आलं नाही.

आणि आजार असता तर? तर काय शेठचं बरोबर ठरलं असतं? असता तरी तो माझा होता. कोणाला सांगायचा, कधी सांगायचा, सांगायचा की नाही, ते मी ठरवलं असतं.

मी दवाखान्याला लेखी दिलं. ज्याचा रिपोर्ट त्याच्या हातात. दुसऱ्याला द्यायचा तर त्या माणसाची सही हवी. उत्तर नाही. विचारायला गेले तर म्हणतात, साहेब मीटिंगला गेले. पुढच्या बाजाराला गठ्ठा पुन्हा शेठच्या पिशवीत.

आता दर बाजाराला मी त्या खिडकीशी उभी असते. शेठनं हात पुढं केला की मोठ्यानं विचारते, कोणाच्या सहीनं? बाबू मला पिसाट म्हणतो. बाबा बोलत नाहीत. गावातले म्हणतात, हिच्यापायी आपला फेरा वाढन. वाढू दे. मी हटणार नाही.

तुम्ही वाचताय ना? मग तुमच्या गावचा गठ्ठा कोण आणतो, ते आजच विचारा. आपला रिपोर्ट स्वतः जाऊन मागा. आणि त्या खिडकीतून कोणी शेजाऱ्याचं पाकीट तुमच्यापुढं धरलं, जाता जाता देऊन देजो म्हटलं, तर हात पुढं करू नका.