वरून पाच थर

आमच्या गावाला पूल होता, असं मी सांगायला लागलो की घरातले एकेक जण उठून जातात. मी तरीही सांगतो. शहर इथून मुकुंदवाडीच्या बाजूनं तासाभरावर. मध्ये एकच नदी, आणि तिच्यावर निजामाच्या काळातला, काळ्या दगडाचा कमानींचा पूल. पोलीस अ‍ॅक्शनच्या दिवसांत तो सुरुंग लावून उडवला. कुणी उडवला यावर गावातल्या दोन आळ्यांची दोन मतं, आणि दोन्हीकडं शपथेवर सांगणारे म्हातारे होते. लढाई आठवडाभरात संपली. पूल मात्र पुन्हा झाला नाही.

पडलेले दगड लोकांनी बैलगाड्यांतून नेले. आमच्या शाळेच्या पायऱ्या, मशिदीचा हौद, दोन विहिरींचे काठ, सगळं त्या पुलाचं. नदीत तात्पुरती म्हणून सिमेंटची फरशी टाकली. फरशी म्हणजे पाण्याच्या जेमतेम वरून जाणारा, कठडा नसलेला रस्ता. मी शाळेत मास्तर म्हणून लागलो तेव्हा ती तात्पुरती होती, निवृत्त झालो तेव्हाही तात्पुरतीच होती.

उरला एक खांब, फरशीला लागूनच, वरून तुटलेला. गावानं त्यालाच कामाला लावलं. पूर आला की काठावर उभं राहायचं आणि खांबाचे पाण्याबाहेर राहिलेले थर वरून मोजायचे. पाच थर कोरडे दिसले तर गाडी घालायची, चार दिसले तर मुकाट घरी जायचं. हे कुठं लिहिलेलं नाही, पण शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसालाही येतं.

आता माझा पराक्रम. खांबाच्या माथ्यावर पिंपळ उगवला होता, दगड सुटत चालले होते. खांब वाचवा म्हणून मी चार वर्षं अर्ज केले. कचेरीतली माणसं मला लांबून पाहिलं की चहाला निघून जायची. शेवटी या उन्हाळ्यात काम झालं. पिंपळ काढला, माथा नीट केला, वर दोन नवे थर चढवले. गवंडी सिमेंट कालवत होता. मी त्याच्यावर असा काही खेकसलो की बिचाऱ्यानं निमूट चुना मळला. दगड तसाच काळा, घडण तशीच, सांधे तसेच. नवं कुठलं आणि जुनं कुठलं ते ओळखून दाखवा, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून म्हणायचो. कुणालाही ओळखता आलं नाही, आणि मला कोण आनंद.

पावसाळा कोरडाच गेला. पूर आला तो एकदम सप्टेंबरच्या शेवटी.

बायकोचं गेल्या वर्षापासून डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीन दिवस, शहरात. त्या आठवड्यात दवाखान्यातलं मशीन बिघडलं म्हणून एक खेप हुकली होती. तिचे पाय सुजून चपलेत मावत नव्हते. आडवं झालं की धाप लागायची, म्हणून उशीला टेकून बसून राहायची. आज न्यायलाच हवं होतं. दुसऱ्या रस्त्यानं वळसा घालून गेलो असतो तर दुपार झाली असती आणि तिचा नंबर गेला असता. शेजारच्या घरातला, काळी-पिवळी जीप चालवणारा माझाच एक विद्यार्थी आम्हाला नेहमी नेतो. सकाळी आठला आम्ही नदीवर पोचलो तेव्हा पाणी गढूळ, चहाच्या रंगाचं, आणि फरशी दिसतच नव्हती.

"गुरुजी, किती दिसतेत?" त्यानं विचारलं.

मी खाली उतरलो. हात पुढं करून, वर्गात मोजायचो तसं मोठ्यानं मोजलं. "पाच! चल."

"निघू ना?"

"पाच म्हटलं ना मी!"

त्यानं गाडी घातली. पाणी आधी चाकाला, मग पायरीला लागलं. निम्म्यावर आलो तेव्हा खांब अगदी खिडकीशी आला, आणि इतक्या जवळून मला वरच्या दोन थरांमधला चुना दिसला. पांढरा, ताजा. पाचांतले दोन माझे होते. म्हणजे खरे तीनच.

इतका घाबरलेला मी जन्मात नव्हतो.

"गुरुजी, पानी लई हाय हो!" तो ओरडला. मागं घेणं शक्य नव्हतं, फरशीची कड कुठं संपते तेच कळत नव्हतं. गाडी कडेकडं सरकली. "दरवाजे उघडा! दोन्हीकडचे! जाऊ द्या पानी आरपार!" मी उघडले. पाणी बायकोच्या मांडीवरून या दारातून त्या दारात जायला लागलं. तिनं दवाखान्याची फाईल डोक्यावर धरली. मी तिचा दंड धरला, आणि धरता धरता मनात म्हणत होतो, मी हिला मारलं. तो 'या अल्ला, या अल्ला' म्हणत पहिल्या गिअरवर, पाय न उचलता, गाडी रेटत राहिला. पुढचं चाक चढाला लागलं तेव्हा कळलं की आलो.

पलीकडं एक ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत कापूस वेचायला निघालेल्या दहा-बारा बाया. चालवणारा बोट करून मोजत होता, आणि पाच म्हणून त्यानं गिअर टाकला. मी उडी मारून ट्रॅक्टरच्या तोंडासमोर उभा राहिलो.

"तीन आहेत! तीनच!"

"गुरुजी, सरका. पाच हायत की चांगले."

"वरचे दोन नवे आहेत. मी बसवलेत."

त्यानं पुन्हा खांबाकडं पाहिलं. बायांनीही. मग त्यानं ट्रॅक्टर बंद केला. मी तिथूनच सरपंचांना फोन लावला आणि तेच पुन्हा सांगितलं, दोनदा.

नंबर मिळाला. ओली साडी बदलून तिला मशीन लावलं, नळ्यांतून रक्त फिरायला लागलं. मी शेजारच्या स्टुलावर बसलो. तासाभरानं तिची धाप बसली, चेहरा जरा निवळला तसा मी म्हणालो, "चुकलं माझं. ते दोन थर माझ्या लक्षातच आले नाहीत."

"माझ्या आले होते," ती म्हणाली.

"कधी?"

"काठावरच. तुम्ही मोजत होता तेव्हा."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

तिनं डोळे मिटले. "तुम्ही चिडला असता."