नवरीचा डावा पाय

साडी वरून पडली. माझ्या मांडीवर. हातात दिली नाही, टाकली. नेसून नेसून मऊ झालेली, काठाला विरलेली. डांबरगोळ्यांचा वास येत होता तिला.

"घे," नवरीची आत्या म्हणाली. "तुमचा मानच आहे तो. आणि ते स्टूल सार बाजूला. खाली बस. न्हावीण कधी स्टुलावर बसते का गं?"

खोलीतल्या बायका हसल्या. वाईट नाही हसल्या. कौतुकानं हसल्या, आणि तेच मला जास्त लागलं. एसी चालू होता. आरशाभोवती दिवे लावलेले होते. माझ्या अंगावर पार्लरचा काळा एप्रन, हातांत मोजे, समोर नवरीचे पाय. उजवा झालेला, डावा राहिलेला. सकाळपासून त्या घरात मी ब्यूटिशियन होते. एका साडीसरशी न्हावीण झाले.

"आधी नवरीचा दुसरा पाय उरक," आत्या म्हणाली. "मग पाच सवाष्णींचे. पहिली मी."

तिनं पाय पुढे केलासुद्धा.

मी न्हाव्याची आहे. आमचं घराणं मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे माळव्यात आलं, असं वडील सांगतात. राजे आले, त्यांच्यामागे कारभारी आले, आणि दाढ्या सगळ्यांच्याच वाढतात, म्हणून आम्हीही आलो. कारभाऱ्यांची मुलं पुढे कलेक्टर ऑफिसात, बँकेत, कॉलेजात गेली. आम्ही दाढ्यांपाशीच राहिलो. सरदारपूरच्या बाजारात वडिलांचं छोटं दुकान आहे. आई लग्नाकार्याला धारच्या मराठी घरांत जाते. हळद लावायची, नवरीला न्हाऊ घालायचं, तिच्या पायांची नखं काढायची. त्यासाठी आईजवळ नराणी आहे, नखं काढायचं बारीकसं लोखंडी हत्यार. तिला ती सासूकडून मिळाली.

लहानपणी मी आईबरोबर जायचे. आई खाली बसायची, त्या वर. जेवण मागच्या दाराशी. निघताना जुनी साडी वरून पडायची आणि आई पदर पसरून ती झेलायची. एकदा नेम चुकला. साडी आईच्या डोक्यावर पडली आणि तिचं तोंड झाकलं गेलं. सगळ्या हसल्या. आईही हसली, साडीच्या आतून. मी तेव्हाच ठरवलं की हे मी करणार नाही.

म्हणून पार्लरचा कोर्स केला. पार्लरमध्ये जातपात नसते असं मला वाटायचं. तिथं बामणाची बाई, मारवाड्याची बाई, ठाकुराची सून, सगळ्या येऊन खुर्चीत मान टाकतात. पाय धुतले की त्याला पेडिक्युअर म्हणतात. देवासला काम मिळालं तेव्हा आई म्हणाली, "तिकडे जाऊन काय वेगळं करणार? नखंच काढणार ना?"

"स्टुलावर बसून काढीन," मी म्हणाले.

देवासचं पार्लर बाहेरून काचेचं होतं. आत गुलाबाचा वास, भिंतीवर गोऱ्या बायांचे फोटो. मागे एक खोली. तिथं वॅक्सचे डबे, मळके टॉवेल आणि आम्ही दोघी. मी आणि मेमचा. मेमचा मणिपूरची. संध्याकाळी मॅडम शटरला बाहेरून कुलूप लावून घरी जायच्या. "तुम्हारी सेफ्टी के लिए." आग लागली असती तर आम्ही आतल्या आत भाजून निघालो असतो, पण अगदी सेफ. आमची आधारकार्डं मॅडमच्या कपाटात. फोन दिवसभर काउंटरच्या खणात. बाथरूम फक्त कस्टमरसाठी. आम्ही जायचं शेजारच्या कॉम्प्लेक्सच्या तळघरात, तेही गर्दी नसेल तेव्हा. मी पाणी पिणंच कमी केलं. दिवसभर उभं राहून पाय असे सुजायचे की चप्पल चढायची नाही. दुसऱ्यांचे पाय मऊ करता करता आमचे दगड झाले. केस सरळ करायच्या औषधाचा धूर डोळ्यांत जायचा. मेमचाला त्यानं खोकला लागला होता. कस्टमर आत आली की मॅडम हळूच म्हणायच्या, "मोना, खाँसना मत."

मोना म्हणजे मेमचाच. मॅडमना तिचं नाव घेता येईना, म्हणून बदलून टाकलं. माझंही बदललं. कस्टमरना सांगायचं, मी दिल्लीहून शिकून आलेली, मोना बँकॉकहून. मेमचानं बँकॉक कुठे आहे ते मला विचारलं होतं, आणि मी देवासच्या पुढे कधी गेले नव्हते. सगळ्यात मोठा नियम मराठी न बोलण्याचा. "पता चल गया कि यहीं सरदारपुर की है, तो कौन पूछेगा तुझे?"

देवासला मराठी बाया पुष्कळ. आम्हाला काही कळत नाही असं धरून त्या आमच्या देखत खुशाल बोलायच्या. सासवांबद्दल, नवऱ्यांबद्दल, आमच्याबद्दलही. "ही काळी बरी आहे गं, हात हलका आहे हिचा. ती चिनी नको मला. काय काय खातात कोण जाणे." मी ऐकायचे आणि त्यांच्या भुवया कोरायचे. मेमचा नंतर विचारायची, "क्या बोला?" मी सांगायचे, "बोला, अच्छा काम करती है."

तरी ते खोटं नाव मला आवडायचं. त्या नावाला जात नव्हती.

धारच्या लग्नाची ऑर्डर मॅडमना ओळखीतून मिळाली. एकेकाळी दरबारात असलेलं मराठी घराणं. आता कॉलनीत दुमजली बंगला, दारात गाड्या. आडनाव मी लगेच ओळखलं. आई ज्यांच्याकडे जाते त्यातलंच हे घर. पण मॅडमना काय सांगणार? मी त्या घरात शेवटची गेले तेव्हा फ्रॉकमध्ये होते, मला कोण ओळखणार? आणि या वेळी आईला बोलावणंच नव्हतं. पार्लरवाल्या येतात म्हटल्यावर न्हाविणीला कोण विचारतं? आईला त्याचं फार वाईट वाटलं होतं. मला बरं वाटलं होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मॅडमबरोबर आम्ही दोघी पोचलो. मेमचा नवरीच्या केसांशी, मी पायाशी स्टुलावर. क्रीम, फाइल, कटर, सगळं ट्रेमध्ये मांडलेलं. उजव्या पायाचं पहिलं नख काढायला कटर उचलला आणि माझ्या दुसऱ्या हातानं, मला न विचारता, कमरेची ओढणी सोडली. तिचं टोक नवरीच्या पायाखाली पसरलं.

नवरीचं नख जमिनीवर पडू द्यायचं नाही. न्हाविणीनं ते आपल्या पदरात झेलायचं, गाठ मारायची आणि घराबाहेर न्यायचं. आईनं शिकवलेलं. शिकवलेलंही नाही, मी बघत आलेलं. दिल्लीच्या कुठल्याही कोर्समध्ये हे नसतं. पाय पुरा झाला तरी मी काय केलंय ते माझ्या ध्यानात आलं नाही.

आत्या पलंगावर बसून बघत होती. ती धारच्या शाळेतून हेडमास्तरीण म्हणून निवृत्त झालेली. मुलींनी शिकावं म्हणून भाषणं करणारी. तिनं चष्मा सारखा केला.

"कुणाची गं तू?"

मराठीत. मागच्या दाराशी बसून मी ऐकलेल्या त्या आवाजात. आणि इतके महिने तोंडातून मराठीचा शब्द न काढलेली मी पटकन बोलून गेले, "सरदारपूरच्या न्हाविणीची."

आत्याला आनंद झाला. खरोखर झाला. "अगंबाई, ही तर आपल्या घरचीच निघाली. बघा, आपण बोलावलं नाही तरी देवानं धाडलीच." मग तिला सगळं साग्रसंगीत हवं झालं. परात आली, पाट आला, हळदकुंकू आलं. कपाटातून ती साडी आली. आणि वरून पडली.

मांडीवर साडी, ओढणीत नखं. मी खाली बघत राहिले. लाज वाटली मला. आत्यामुळे नाही, माझीच. माझ्या हाताची, माझ्या जिभेची. मान वर केली तर आरशात मेमचा दिसली. नवरीचे केस हातात धरून माझ्याकडे बघत होती. तिला मराठीचा शब्द कळत नव्हता आणि सगळं कळत होतं.

मॅडम पुढे आल्या. "अरे, तू इनके यहाँ की है? पहले बताती ना. बैठ जा नीचे, ज़रा-सी बात है." रोज मला दिल्लीची म्हणून विकणारी बाई आता न्हावीण म्हणूनही विकायला तयार होती.

मी साडी उचलली. तिची नीट घडी घातली आणि पलंगावर आत्याच्या शेजारी ठेवली.

"मी खाली बसणार नाही," मी म्हणाले. "स्टुलावर बसून नवरीचा दुसरा पाय करते. बाकीच्यांना करून हवे असतील तर त्यांनी खुर्चीवर बसावं, मी स्टुलावर बसेन. साडी नको."

आत्याचा पाय अजून पुढेच होता. तिनं तो हळूच मागे घेतला.

"तुझी आई नाही हो अशी," ती म्हणाली. "इतकी वर्षं येते, कधी वर तोंड करून बोलली नाही. थांब, तिलाच विचारते."

तिनं फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. "हो आत्याबाई, बोला आत्याबाई," आईचा आवाज आला. आवाजात केवढा आनंद. तिला वाटलं असणार, आठवण झाली, बोलावणं आलं. आत्यानं सांगितलं, "तुझी लेक आलीय आमच्याकडे. स्टुलावरून उतरायला तयार नाही."

आईचा आवाज उतरला. मग म्हणाली, "बस गं बाई. माझ्यासाठी बस. त्यांच्या घरानंच आपल्याला सांभाळलंय. तुझं काय जातं?"

भर खोलीत आईचा आवाज. सगळ्या ऐकताहेत. मला रडू आलं. त्या वेळी खाली बसले असते तर आईचा शब्द राहिला असता, मॅडमची ऑर्डर राहिली असती, आत्याचा रिवाज राहिला असता. पण साडीच्या आतून हसणारी आई मला दिसली.

"आई," मी म्हणाले, "तुझ्यासाठीच बसत नाही."

फोन बंद झाला. आत्यानं केला की आईनं, ते मला आजही माहीत नाही.

एक सवाष्ण मेमचाकडे बोट दाखवून म्हणाली, "हिच्याकडून घ्या ना करून."

"न्हाविणीनं हात घातलेलं काम त्या चिनीला देऊ?" आत्या म्हणाली. "शिव शिव. त्यापेक्षा राहू दे तसंच."

नवरी बेंगळुरूला मोठ्या नोकरीत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलेल असं वाटलं. पण तिनं डावा पाय हळूच साडीखाली ओढून घेतला. तो तसाच राहिला.

ओढणीतली नखं मी टिश्यूवर झटकली. टिश्यूचा बोळा केला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला.

परतताना ड्रायव्हर फोनवर कुणाला तरी सांगत होता, "हाँ भिया, जल्दी निपट गए, आ रिये हैं." पुढच्या सीटवरून मॅडम मला बोलत होत्या. एक दिवस खाली बसले असते तर मेले असते का, असं विचारत होत्या. मागे मेमचानं मला हळूच विचारलं, "क्या बोला वो लोग?"

या वेळी मी सगळं सांगितलं. त्या खोलीतलंही आणि पार्लरमध्ये इतके दिवस दडवलेलंही. ती खोकली. तोंडावर हात न ठेवता, मोकळं खोकली. आणि मॅडमना म्हणाली, "मेरा नाम मेमचा है."

दुसऱ्या दिवशी पार्लर भरलेलं असताना आम्ही काउंटरशी उभ्या राहिलो आणि आधारकार्डं मागितली. मी मराठीत मागितली, मोठ्यानं. खुर्च्यांमधल्या बायकांच्या माना वळल्या. एकीचा चेहरा उतरला. काय काय बोलून ठेवलं होतं ते आठवत असणार. कस्टमरसमोर मॅडमना तमाशा नको होता. कार्डं मिळाली.

आता मी धारलाच दुसऱ्या पार्लरमध्ये आहे, मेमचाही. इथं स्वर्ग नाही. पाय इथंही सुजतात. पण खोलीची किल्ली आमच्याजवळ असते आणि आम्हाला आमच्या नावानं हाक मारतात. जे कोणी येऊन खुर्चीवर बसेल त्याचे पाय मी हातात घेते, कुणाचेही. त्यात मला कमीपणा नाही.

आई माझ्याशी अजून धड बोलत नाही. परवा मी सरदारपूरला घरी गेले होते, तेव्हा त्या घरातून तिला पुन्हा बोलावणं आलं. आत्याच्या धाकट्या भाचीचं लग्न आहे. आत्याबाईंनी राग धरला नाही, असं आई वडिलांना सांगत होती, मला ऐकू जाईल अशा आवाजात. मग ती नराणी घेऊन दारात बसली आणि दगडावर घासू लागली.

"जाऊ नकोस," मी म्हणाले.

"मी जाणार," आई म्हणाली. "माझा जन्म त्यातच गेला. माझ्यानंतर तू आहेस, तुला काय करायचं ते कर."

मी तिला थांबवू शकत नाही. ती जाईल, खाली बसेल, साडी झेलेल, आणि माझा इथं जीव जळेल. पण तिनं सांगितलंय तसं मी करणार आहे. ती नराणी माझ्या हातात येईल त्या दिवशी सरदारपूरची न्हावीण संपली. आमच्या घरातली एकही बाई पुन्हा त्या घरात जमिनीवर बसणार नाही. नखं त्यांची आहेत. त्यांनी वाकावं आणि आपापली काढावीत.