आधी गोष्ट, मग सवायकी

अन्याय झाला तो शनिवार पेठेतल्या एका तांबटाच्या मुलावर. मार्गशीर्षातला पहिला सोमवार, सकाळचा पहिला प्रहर संपत आलेला, जागा पंतोजींची ओसरी. मी ऐकीव सांगत नाही. त्याच ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसून मी लोकांच्या पत्रांच्या नकला करायचो, आणि उरल्या वेळात पेठेतल्या गैरप्रकारांवर कागद लिहून ते देवळांच्या खांबांना खळीने चिकटवायचो. डोळे उघडे ठेवायची सवय होती.

पंतोजींनी हिशेब घातला, "एका घरी रोज सव्वा पायली जोंधळा लागतो. कणगीत वीस पायली आहे. किती दिवस पुरेल?"

आता आपल्या पुण्यातली पोरं कशी तयार होतात ते पाहा. पाव, अर्धा, सव्वा, दीड यांचे पाढे, म्हणजे पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, सगळं मुखोद्गत. 'सव्वा' कानावर पडला की जिभेवर सवायकी धावते, वाटेत डोक्यापाशी थांबतसुद्धा नाही. सगळी ओसरी एका सुरात गरजली, "वीस सव्वे पंचवीस!" आणि पंतोजींनी मान डोलावली. त्यांचंही लक्ष सुरात होतं, जोंधळ्यात नव्हतं.

तांबटाचा मुलगा तेवढा म्हणाला, "पंचवीस दिवस नाही पुरायचा."

"मग किती पुरेल?"

"ते ठाऊक नाही. पण रोज एकच पायली काढली तरी विसाव्या दिवशी कणगी खडखडीत होईल. इथं तर रोज जास्त काढतायत."

"ठाऊक नाही म्हणतोस आणि वर चूक काढतोस? सवायकी म्हण."

म्हणू लागला. चौदापाशी अडखळला. पंतोजींनी हातावर छडी ओढली, त्याला ओणवा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तांबं ठोकलं की आकार तरी घेतं. उद्यापासून येऊ नकोस. बापाला सांग, भात्यावर बसव."

मी लेखणी खाली ठेवली. "अहो पंतोजी, पोर बरोबर बोलतंय."

"आपण कुठल्या ओसरीचे पंतोजी?"

"कुठल्याच नाही."

"मग नकला करा. शाई वाळतेय."

दुपारी मी कागद लिहिला, चांगला झणझणीत, आणि नारायण पेठेतल्या देवळाच्या खांबाला चिकटवला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर पंतोजींनी तो पाणी लावून अलगद सोडवून आणलेला, आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर एक पोर बाराखडी गिरवत बसलेलं. "कागद महाग झालाय," पंतोजी म्हणाले, "आपली शाळेवर कृपा आहे. अधूनमधून लिहीत जा."

संध्याकाळी तांबट स्वतः आला. आभार मानील असं मला वाटलं होतं.

"अहो, काय करून ठेवलंत? कालपर्यंत माझा पोर मठ्ठ आहे हे एका ओसरीला ठाऊक होतं. आज दोन पेठांना ठाऊक झालं."

"तो मठ्ठ नाही."

"हे तुम्ही खांबाला सांगितलंत. पंतोजीला पटवा." मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "माझ्या घरात अक्षर ओळखणारं कुणी नाही. हा पहिला. संक्रांतीला पंतोजी सगळ्यांच्या आईबापांसमोर पोरांचे हिशेब घेतात. त्या दिवशी याला उभं करून दाखवा. नाहीतर दुसऱ्या दिवसापासून भाता आहेच, आणि मग तो काही सुटत नाही."

म्हणजे मुदत ठरली. कागदाने काम होणार नव्हतं, शिकवावं लागणार होतं. आणि मी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं, फक्त लोकांना त्यांच्या चुका सांगितल्या होत्या.

दुपारी देवळाच्या सभामंडपात बसायचं ठरलं. पहिल्या दिवशी मी त्याला पाढा विचारलाच नाही. म्हटलं, "तोच जोंधळ्याचा हिशेब घे. आकडे सगळे काढून टाक. उरते ती गोष्ट सांग."

तो गोंधळला. मग म्हणाला, "कणगीत जोंधळा आहे. बाई रोज थोडा काढते. कधीतरी संपतो."

"विचारलंय काय?"

"कधी संपतो ते."

"किती भाकऱ्या होतात असं विचारलंय?"

"नाही."

"मग भाकऱ्या सोड. आता मोजायच्या आधी सांग, विसाहून जास्त दिवस की कमी?"

"कमी. हेच तर बोललो होतो मी!"

"हे तुझं कुंपण. उत्तर कुंपणाबाहेर गेलं की समज, आपलं ढोर भलत्याच शेतात शिरलंय."

मग चिंचोके आणले. एक चिंचोका म्हणजे पायली, पाव पायलीसाठी फोडून केलेला तुकडा. तो एकेक दिवसाचा जोंधळा काढून ठेवू लागला. चार दिवसांचे ढीग झाले आणि त्याचा हात थांबला. चार तुकडे एकत्र सरकवले. "चार दिवसांत पाच पायली संपल्या." पुढचे चिंचोके त्याने मांडलेच नाहीत. ओठ हलत होते. "पाच, दहा, पंधरा, वीस... सोळा दिवस!"

"आता सवायकीत बघ."

"सोळा सव्वे वीस," तो म्हणाला आणि चक्क रागावला. "ही ओळ मला येत होती!"

येतच होती. ओसरीवरच्या प्रत्येक पोराला येत होती. वीस हा आकडा त्या ओळीच्या शेवटी उभा होता, आणि सगळे त्याला सुरुवातीला शोधत होते. चौदापाशी अडखळणाऱ्या त्या मुलाची सवायकी पुढच्या आठवड्यात पक्की झाली, छडीवाचून. आता तिच्यात जोंधळा होता.

मग बाकीची येऊ लागली. कासाराची दोन, एका भिक्षुकाचा पुतण्या, आणि शाळा सुटल्यावर मागच्या बोळाने लपतछपत येणारी पंतोजींची स्वतःची मुलं. माझा नियम एकच : आधी गोष्ट, मग कुंपण, पाढा सगळ्यांत शेवटी. आणि उत्तर आलं की ते घेऊन पुन्हा गोष्टीत उलटं चालत जायचं. निघालो तिथे पोचलो तरच खरं. नियम एकच म्हणून चार सांगितले, हे कासाराच्या धाकट्याने लगेच दाखवून दिलं. असा वर्ग मला आवडतो.

हिशेबही मी त्यांनाच रचायला लावले. जो हिशेब रचतो तो पुन्हा फसत नाही. एकाने घातला, "एक पंतोजी रोज दीड पोर बडवतो. आठ दिवसांत किती?"

"आठ दिडे बारा! पण अर्धं पोर कसं बडवतात रे?"

"उरलेलं अर्धं उद्याला ठेवतात."

सभामंडपातला पुजारी हसून हसून ठसकला, आणि त्या दिवसापासून आम्हाला बसायला सतरंजी मिळाली.

संक्रांत आली. ओसरी आईबापांनी भरलेली, तिळगूळ वाटून झालेला. तांबट खांबाला टेकून उभा, हात धुतलेले, पण नखांत काजळी तशीच. मुलगा पुढे गेला. पंतोजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अगदी गोड आवाजात हिशेब घातला. मला कळलं, हा त्यांनी खास राखून ठेवलाय.

"बारा बैल. प्रत्येकावर दीड मण भात लादून तांडा निघाला. वाटेत तीन मण भात उतरवला. उरलेला त्याच बारा बैलांवर पुन्हा सारखा लादला. तर एका बैलावर किती?"

"बारा दिडे अठरा!" मागून दोन-तीन जुने सूर निघालेच.

मुलगा खाली बसला. धूळपाटीवर बोट टेकलं, पण काढलं काहीच नाही. बापाने मान खाली घातली. मग त्या मुलाने वर पाहून विचारलं, "तीन मण एकाच बैलावरून उतरवला, का सगळ्यांवरून?"

"तुला काय करायचंय?"

"काही नाही. नंतर पुन्हा सारखाच लादलाय ना, मग कुठूनही उतरवू दे."

लोक हसले. पंतोजी हसले नाहीत, पण छडीकडे गेलेला त्यांचा हात परत मांडीवर आला.

"दीड मणाहून कमीच भरेल," मुलगा म्हणाला. "आधी होता बारा दिडे अठरा मण. तीन गेला, उरला पंधरा. तो बारांवर लादायचा. बारा सव्वे पंधरा. एकेका बैलावर सव्वा मण." आणि कुणी न विचारता पुढे म्हणाला, "उलटं बघतो. प्रत्येक बैलाचं पाव मण ओझं हलकं झालं. बारा पाव तीन. तोच उतरवलेला भात. जमलं."

पंतोजींनी ओठांतल्या ओठांत बारा पाव करून पाहिले. मी पाहत होतो.

"सवायकी म्हण," ते म्हणाले. त्याने विसापर्यंत म्हटली. चौदापाशी मुद्दाम सावकाश, "चौदा सव्वे साडेसतरा."

"उद्यापासून ये," पंतोजी म्हणाले. "धूळपाटी आपली आण." आणि पुढचं पोर बोलावलं.

तांबटाने मला रस्त्यात गाठलं. माझ्या खांद्यावर जो हात ठेवला त्याने मी जवळजवळ खाली बसलो. मला अभिमान वाटला, अजून वाटतो, आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही. खांबांना इतके कागद चिकटवले, पण माझ्या हातून पेठेत झालेलं पहिलं धड काम ते हेच. मुलगा आज ओसरीवर पुढच्या रांगेत बसतो आणि बापाला आलेली पत्रं वाचून दाखवतो.

पण मार्गशीर्षातल्या त्या सोमवारचं उत्तर चुकलं होतं, असं पंतोजी आजतागायत बोललेले नाहीत. तो पोर बरोबर होता, हे ओसरीवर कुणी मोठ्याने म्हटलेलं नाही. आणि पुण्यात ओसऱ्या काही एकच नाही. तुमचंही पोर कुठल्यातरी ओसरीवर बसतं, घरी येऊन घडाघडा पाढे म्हणतं आणि तुम्ही खूश होता.

म्हणून हे करा. येत्या अमावास्येला पंतोजींना शिधा द्यायला जाल, तेव्हा ताट खाली ठेवण्याआधी उभ्याउभ्या सांगा : माझ्या मुलाला हिशेब घालाल तेव्हा पाढ्याआधी त्याला गोष्ट विचारा, आणि 'हे पटत नाही' असं तो म्हणाला तर छडी उचलण्याआधी त्याचं कारण ऐका. ते हो म्हणेपर्यंत ताट हातातच ठेवा.